खळ्यातली मखमली

"तिनं पाहिलं म्हणजे मीच पाहिलं. त्यात काही फरक नाही," अण्णा ओटीवर वकीलकाकांना सांगत होते.

मी चहाचे पेले घेऊन दाराच्या अलीकडेच थांबले. अण्णा म्हणजे माझे वडील. वकीलकाका नात्यातले नव्हते, पण कोर्टातून घरी जाताना अण्णांशेजारी घटकाभर टेकल्याशिवाय त्यांचा दिवस संपत नसे.

"घरात ठीक आहे, अण्णा," ते म्हणाले. "आमच्याकडे याला ऐकीव पुरावा म्हणतात. जज्जसाहेब कानावरसुद्धा पडू देणार नाहीत."

"किड्यांच्या कोर्टात चालतो."

"चालेल नाही तर काय! तिथले पक्षकार टाचणीला टोचलेले. अपिलात जातोय कोण?"

दोघेही हसले. मी बाहेर आले तशी वकीलकाका सरसावून बसले. "आल्या साक्षीदारबाई. शपथेवर सांगा, साखर घातलीय की विसरलात?"

मी पेले ठेवले आणि काही न बोलता आत गेले. माझ्या न बोलण्याचं कुणाला नवल वाटायचं नाही. त्या संध्याकाळी मात्र गप्प राहण्याचं कारण वेगळं होतं. ज्या डोळ्यांची अण्णा हमी देत होते, त्याच डोळ्यांनी मी सकाळी घरापुढच्या खळ्यात एक गोष्ट पाहिली होती, आणि ती अण्णांना सांगितली नव्हती.

अण्णा मीठखात्यात होते. सारी नोकरी खाड्यांच्या काठी, मिठागरांच्या बांधांवर गेली. तिथं संध्याकाळ झाली की बोलायला माणूस नाही. कुणी पत्ते धरतो, कुणी बाजाची पेटी धरतो; अण्णांनी गांधीलमाश्या धरल्या. जाळी, विषाची बाटली, टाचण्या आणि भिंग यांच्यावर त्यांनी बदलीमागून बदली काढली. पेन्शन घेऊन रत्नागिरीच्या घरी आलो तेव्हा भांड्यांपेक्षा किड्यांच्या पेट्या जास्त होत्या. आई त्या पेट्यांना "तुमची ती मंडळी" म्हणायची. पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून अण्णा त्या चुलीवरच्या फळीवर चढवत, आणि आई त्या उतरवून तिथं पापडांचे डबे ठेवी. हे दर वर्षी चाले. दोघांपैकी कुणी कधी माघार घेतल्याचं मला आठवत नाही.

मग अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. आधी ते दिव्याला नावं ठेवत, नंतर भिंगाला, नंतर छपाईला. डॉक्टर म्हणाले, अजून कच्चा आहे, पिकला की काढता येईल. "रत्नागिरीत राहायचं म्हणजे हेसुद्धा पिकायचीच वाट बघायची," अण्णा म्हणाले. पण गावामागच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, जाळी घेऊन जाणं बंद झालं. टाचणीवरच्या किड्याच्या जागी त्यांना नुसता डाग दिसू लागला.

त्याच सुमारास मी बेळगावहून मॅट्रिक होऊन परत आले. माझं शिक्षण नन्सच्या इंग्रजी शाळेत झालेलं. तिथं मराठी शब्द तोंडातून गेला की कोपऱ्यात उभं राहावं लागे. आणि इकडे घरी मी मराठी बोलले की चुलत बहिणी पदरात तोंड घालून हसत; म्हणत, ही बघा क्रमिक पुस्तक वाचतेय. तेव्हा दोन्ही भाषांत कमीत कमी बोलायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. बघत राहायला कुणाची हरकत नव्हती. माझं इंग्रजी अक्षर चांगलं होतं, चित्रकला बरी होती, आणि नजर आईच्या म्हणण्याप्रमाणे "मेली सुईच्या नेढ्यातून आरपार जाणारी" होती. अण्णांना एवढंच हवं होतं. मी भिंगातून पाहून सांगायचं, ते विचारायचे, मी पुन्हा पाहायचं, ते सांगतील ते इंग्रजीत लिहून काढायचं.

अण्णांचा खरा जीव होता तो एका खास कुळावर. इंग्रजीत त्यांना मखमली मुंगी म्हणतात, पण ती मुंगी नव्हेच. ती बिनपंखांची गांधीलमाशी. अंगावर दाट मऊ लव, लाल-काळी, त्यावर रुपेरी किंवा सोनेरी ठिपके. दिसायला एखाद्या चोळीच्या खणाचा तुकडा पळत सुटावा तशी. शेजारच्या बायका तिला मृगाचा किडा समजत. अण्णांना ते मुळीच खपायचं नाही. "मृगाच्या किड्याला हात लावून बघा आणि हिला लावून बघा," ते म्हणायचे. मला एकदा ती पायाला डसली होती. आईनं चुना लावला, तरी संध्याकाळपर्यंत मी पाऊल टेकू शकले नाही.

या कुळात मादीला पंख नसतात आणि नराला असतात. मादी जमिनीवर धावते, दुसऱ्या माश्यांची बिळं हुडकते. नर फुलांवर उडत असतो. रंगही पुष्कळदा वेगळे. दोघं इतकी निराळी दिसतात की एकाच जातीच्या नरमादीला शास्त्रज्ञांनी दोन जाती समजून दोन नावं दिली, असं कितीदा तरी झालं आहे. ती दोघं जोडीनं सापडली तर खात्री पटते. मग ज्याचं नाव आधी छापलं गेलं, ते दोघांचं. नंतरचं पुसून टाकायचं. हा नियम अण्णांनी वकीलकाकांना समजावला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पहिली नोंद ज्याची, जमीन त्याची. नवीन काय सांगितलंत?"

आता खळ्याबद्दल. आमच्याकडे चैत्र-वैशाखात घरापुढचं खळं सारवून त्यात वाळवणं घालतात: पापड, सांडगे, आमसुलं, आंब्याची साटं. ती राखायला घरातली एक मुलगी काठी घेऊन बसवायची, कावळे हाकलायला. आमच्या घरातली मुलगी मीच. मांडवाच्या तुकडाभर सावलीत बसून मी तासन्‌तास जमिनीकडे पाहत असे. सारवलेल्या जमिनीच्या कडेनं, कुंपणाच्या गडग्यातल्या चिऱ्यांच्या फटीतून एक मखमली दिसायची. छाती गंजलेल्या तांबड्या रंगाची, पोट काळंभोर, त्यावर दोन रुपेरी ठिपके आणि खाली एक अर्धवट पट्टा. बाटलीत घेतली की बारीक आवाजात चिरचिरायची. तो आवाज थांबेपर्यंत मी दुसरीकडे बघत असे. अशा पुष्कळ मी बाटलीत घेतल्या. अण्णांसाठी, शास्त्रासाठी, असं मी स्वतःला सांगायची, आणि तरीही बाटलीचं झाकण लावताना दर वेळी काहीतरी चोरल्यासारखं वाटायचं.

अण्णांनी तिची माहिती पुस्तकांतून ताडून पाहिली. म्हणजे मी वाचलं आणि त्यांनी ताडलं. छातीचा वरून दिसणारा आकार, पोटाच्या शेवटच्या खंडावरच्या बारीक रेघा, ठिपक्यांच्या जागा. कुठल्याच वर्णनाशी ती जुळेना. मग एक मखमली आणि तिच्याबरोबर पूर्वी सड्यावर धरलेला एक पंखवाला किडा असे दोन नमुने मुंबईच्या संग्रहालयातल्या साहेबांकडे गेले. उत्तर आलं. पंखवाला ओळखीचा होता. निळसर काळे पंख, विटकरी पोट, सर्वांगावर काळी लव. फार वर्षांपूर्वी खाली दक्षिणेकडे कुणा गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यानं तो धरला होता आणि त्याला नाव मिळालं होतं. त्याची मादी मात्र कुणाला ठाऊक नव्हती. आणि आमच्या खळ्यातली मखमली? ती साहेबांनाही नवी वाटत होती. अण्णांनी वर्णन लिहून, चित्रासह, नमुन्यांसह पाठवावं, ते छापायची व्यवस्था करतील.

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. आनंदानं नव्हे, शंकेनं. ओटीवर येरझारा घालत राहिले. मग मला हाक मारली.

"मला एक सांग. हा पंखवाला आणि ही खळ्यातली, ही दोघं तुला कधी एकत्र दिसलीत?"

"नाही."

"जवळपास? एकमेकांच्या आसपास?"

"पंखवाला मी कधी जिवंत पाहिलेलाच नाही, अण्णा."

ते अगदी खरं होतं. अण्णांचा चेहरा उजळला. "बरोबर. तो सड्यावरचा. पावसानंतर बोरी फुलल्या की त्यांच्यावर येतो. मी इतकी वर्षं धरले ते सगळे तिथलेच. आणि ही घराजवळची, उन्हाळ्यातली. वेगळी जागा, वेगळा हंगाम. लिही तसं."

मी लिहिलं. दोन्ही जाती एकत्र आढळत नाहीत, अशा अर्थाचं एक ठाशीव इंग्रजी वाक्य. मला ते वाक्य जमल्याचा अभिमानसुद्धा वाटला.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी नाव ठरवलं. ते माझं होतं. माझ्या नावाला लॅटिन शेपूट जोडून त्यांनी ते दोनदा मोठ्यानं उच्चारून पाहिलं.

"अहो, शोभतं का?" आई आतूनच म्हणाली. "लग्न ठरलंय तिचं. व्याही काय म्हणतील? मुलीचं नाव किड्याला!"

"किड्याला नाही गो, जातीला."

"आणि द्यायचं तर पंख असलेल्याला तरी द्यायचं. हे मेलं सरपटणारं."

"सरपटत नाही, धावतं."

दुपारी मात्र फळीवरून मखमलीची पेटी उतरवून आई ती पदरानं पुसताना मला दिसली. मग तिथं पापडांचा डबा न ठेवता तिनं पेटी परत जागेवर ठेवली.

मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. लग्न कार्तिकानंतर घाटावरच्या एका घरात व्हायचं होतं. तिथं माझं नाव काय ठेवायचं हेही ठरलेलं होतं; होणाऱ्या सासूबाईंनी आईला सांगितलं होतं आणि आईनं मला. संध्याकाळी अण्णा ओटीवर एकटे असताना मी त्यांच्या पेट्या झाकत होते. ते म्हणाले, "लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव काढतील. मग इथलं नाव मी आणि तुझी आई गेलो की संपलं. हे संपायचं नाही. जगाच्या पाठीवर कुणी ही माशी धरली की त्याला तुझं नाव घ्यावं लागेल." त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता हे बरं झालं. मी आत जाऊन ते लॅटिन नाव एका कागदावर लिहिलं आणि नंतर तो कागद चुलीत टाकला. इतकी मला त्याची हाव वाटली होती.

ती सकाळ त्यानंतरची. खळ्यात साटं घातली होती. मी काठी घेऊन बसले होते, शेजारी फडक्यात गुंडाळलेली विषाची बाटली. गडग्यातून एक मखमली निघाली आणि सुपाच्या कडेनं धावू लागली. मी तिच्याकडे नेहमीच्या नजरेनं पाहत होते. एवढ्यात वरून काहीतरी काळं तिच्यावर पडलं. मला आधी वाटलं, कुठल्याशा माशीनं झडपलं हिला. मी वाकून पाहिलं. निळसर काळे पंख होते. पोट विटकरी. त्यानं तिला मानेमागे धरलं होतं, आणि ती चिरचिरत होती, पण निसटू पाहत नव्हती. थोड्याच वेळात त्यांची शेपटाकडची टोकं जुळली.

माझा हात आपोआप बाटलीवर गेला होता. झाकणावर बोटं होती. अशी जोडी सापडावी म्हणून संग्रह करणारी माणसं जन्मभर वाट पाहतात, हे मला अण्णांनीच सांगितलं होतं. झाकण फिरवायचं, बाटली उपडी घालायची, एवढंच होतं. मी झाकण फिरवलं नाही. नुसती बघत राहिले. मग त्यानं तिला उचललं आणि ती दोघं तशीच, लटकत लटकत, गडग्यापलीकडच्या काजूंत गेली.

"काय गो, झोपलीस की काय?" आई दारातून ओरडली. "कावळ्यानं साटाचा कोपरा नेला तो!"

नेला होता खरा. मी उठून काठी आपटली.

त्या दिवशी मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. एकदाच दिसलं, एवढ्यावर काय ठरतं. नजरचूक झाली असेल. दुसऱ्याच कुठल्या जातीचा नर असेल, सारखे दिसणारे असतात. आणि ती तर उडून गेली, आता मी दाखवू काय? दुपारी घर निजल्यावर मी अण्णांची जुनी पेटी काढली आणि त्यातला सड्यावरचा पंखवाला भिंगाखाली घेतला. सकाळी पाहिलेल्यात आणि यात काहीतरी फरक निघावा म्हणून मी शोधत होते. पंखांची निळाई तीच. पोटाचा विटकरी रंग तोच, टोकाला काळा. मग मखमली त्याच्याशेजारी ठेवली. मी इतके दिवस फक्त रंग आणि लव पाहत आले होते. आता लव सोडून खालचं कवच पाहिलं. दुसऱ्या खंडावर बारीक खळग्यांची नक्षी होती, कडेला लवेची एक अरुंद रेघ होती. मखमलीला होती तशीच त्याला. एकाच कारागिराच्या हातचं काम ओळखू यावं तसं ते दिसत होतं. मी पेटी मिटली. बाहेर अण्णा खोकले तर माझ्या हातातून भिंग पडता पडता राहिलं.

ती दोघं आम्हाला कधी एकत्र का दिसली नाहीत, हेही मला तेव्हा कळलं. अण्णा आयुष्यात कधी वाळवणाशी बसले नव्हते. मी सड्यावर कधी गेले नव्हते. एकटी मुलगी पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून वर जात नसे. अण्णांना जे सड्यावर मिळालं ते सड्याचं झालं, मला जे खळ्यात मिळालं ते खळ्याचं. किडे मात्र दोन्हीकडे हिंडत होते.

आणि त्याच संध्याकाळी मी दाराआडून ते वाक्य ऐकलं. तिनं पाहिलं म्हणजे मीच पाहिलं.

पुढचे दिवस वाईट गेले. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. अण्णा सांगत, मी लिही. ते खुशीत होते. इतक्या खुशीत मी त्यांना डोळे अधू झाल्यापासून पाहिलं नव्हतं. मुंबईच्या साहेबांनी पत्रात अण्णांना आपल्या बरोबरीला धरून "आपण दोघं" अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं होतं, त्याचा ते जेवताना दोनदा उल्लेख करत. चित्र काढताना मी ठिपके जरा जास्तच ठसठशीत काढले. खंडावरची खळग्यांची नक्षी अगदी पुसट. हे मी मुद्दाम केलं नाही. पण करून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि मी ते सुधारलं नाही.

आईच्या काहीतरी ध्यानात आलं असावं. "जेवत का नाहीस नीट? घर सोडायचं म्हणून?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. म्हणजे तिथंही खोटं. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि मला तो हात सोसेना. खळ्यात बसल्यावर मी आता जमिनीकडे बघायचं टाळत असे, कावळ्यांकडे बघे. साटं कधी नव्हे ती शाबूत राहिली.

कधी वाटे, सांगून काय साधणार? ही माशी कुणाची हो आणि कुणाची न हो, तिला काय त्याचं? अण्णांना आयुष्यात एक गोष्ट मिळते आहे. आणि कधी रात्री जाग आली की दुसरंच सुचे: अण्णांसाठी म्हणून गप्प बसतेस की त्या नावासाठी? याचं उत्तर मला ठाऊक होतं. म्हणूनच मी ते स्वतःलाही धड देत नव्हते.

दर्या उठायला लागला होता. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या एकदोन बोटी राहिल्या होत्या. वकीलकाकांना हायकोर्टाच्या कामासाठी मुंबईला जायचं होतं. वर्णन, चित्र आणि नमुन्यांची पेटी ते स्वतः नेऊन देणार होते. आदल्या संध्याकाळी ते पेटी घ्यायला आले. मी तिला कापूस भरून, वरून मेणकापड शिवून तयार ठेवली होती.

"शिवलीस इतक्यात?" अण्णा म्हणाले. "आधी वाचून दाखव. सगळं. काकांनाही ऐकू दे."

"अहो, मी माशी ओळखतो ती एकच, दुधात पडणारी," वकीलकाका म्हणाले. "पण वाचू दे. बोटीत कुणी विचारलं, पेटीत काय, तर सांगता यायला हवं. नाहीतर मला बाँबवाला समजायचे."

"आणि इंग्रजी वाक्य झालं की मराठीत सांग," अण्णा म्हणाले. "तुझ्या आईलाही कळू दे तुझं नाव कुणाला दिलं ते."

"मला काय करायचंय?" असं म्हणून आई हात पुसत येऊन उंबऱ्यावर बसली.

अण्णांनी मला आपल्याशेजारी खुर्चीवर बसवलं. मी कागद हातात घेतले. इंग्रजी वाचताना मला कधी भीती वाटत नसे. शाळेत आम्ही पाठ केलेल्या वाक्यांचा अर्थ कुणी विचारत नसे. उच्चार स्वच्छ हवा, खांदे सरळ हवेत. मी तसंच वाचत गेले आणि मधूनमधून, अडखळत, मराठीत सांगत गेले. डोकं काळं, छाती तांबडी. दुसऱ्या खंडावर दोन रुपेरी ठिपके. आई म्हणाली, "हे खरं छान सांगितलंय." वकीलकाका म्हणाले, "वधूचं वर्णन चाललंय जणू," आणि आईकडे बघून हसले. अण्णा डोळे मिटून, हनुवटी वर करून ऐकत होते. दर वाक्याला त्यांचे ओठ थोडे हलत. त्यांना सारं पाठ होतं.

नाव आलं. ते मी भराभर वाचून टाकलं. "हळू," अण्णा म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा वाचलं. वकीलकाकांनी मान डोलावली. आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

मग जागेची ओळ, हंगामाची ओळ. त्याखाली, अशा वर्णनात शेवटी लिहायची पद्धत असते तशी, एक छोटी ओळ होती. नर अद्याप अज्ञात. इंग्रजीत ते दोनतीन शब्द आहेत. मी ते वाचले. आवाज जराही हलला नाही. हवं तर पुन्हा वाचले असते.

"आता मराठीत," अण्णा म्हणाले.

मी तोंड उघडलं. मराठीत ते वाक्य कुणी मला पाठ करून दिलेलं नव्हतं. ते माझं मलाच जुळवायचं होतं, आणि ऐकायला आई बसली होती, जिच्याशी मी फक्त खरंच बोलत आले होते, या दिवसांतलं ते एक खोटं सोडलं तर. कागद अण्णांचा होता, सांगणं त्यांचं होतं, अक्षर तेवढं माझं, असं मी इतके दिवस धरून चालले होते. पण या शब्दांना मात्र मीच तोंड द्यायचं होतं.

"अडलीस?" अण्णा म्हणाले. "सोपं तर आहे. नर..."

"नर..." मी म्हटलं, आणि थांबले.

"राहू द्या हो, लाजतेय पोर," वकीलकाका म्हणाले. "नवऱ्यामुलाची आठवण झाली असेल."

कुणी हसलं नाही, कारण अण्णांनी डोळे उघडले होते आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं पाहत होते. त्यांना मी म्हणजे एक डाग दिसत असणार. तरी ते पाहत होते, टाचणीवरच्या किड्याकडे बघायचे तसे, एक डोळा किंचित बारीक करून.

"काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं. "काही राहिलंय का लिहायचं?"

मी कागद मांडीवर उपडे ठेवले.

"नर माहीत आहे, अण्णा," मी म्हटलं. "मी त्यांना जोडीनं पाहिलं. आपल्याच खळ्यात. तो तुमच्या सड्यावरचाच आहे."